पंडिता रमाबाई आणि देवाच्या वाणीची पारख



कळमनुरी, हिंगोली व औंढा या बाजूच्या आपल्या लहान लहान मंडळ्यांत असा प्रसंग वारंवार येतो, कीं एखाद्या गोष्टीचा निर्णय करावयाचा असतो आणि सर्वांचें एकमत होत नाहीं. उपदेशक कोणास नेमावें, प्रार्थनामंदिर कोणत्या जागीं बांधावें, पावसानें दगा दिला असतां कुटुंबांनीं गांव सोडून कामासाठीं शहराकडे जावें कीं धीर धरून राहावें, असे हे प्रश्न असतात. अशा वेळीं सभेंत कोणी एक जण उठून सांगतो, कीं प्रभूनें मला स्वप्नांत अमुक दाखविलें, अगर प्रार्थना करीत असतां अमुक शब्द माझ्या मनांत आला. मग मंडळींत दोन तट पडतात. कांहीं जण हंसून तें बोलणें टाकून देतात. दुसरे कांहीं भिऊन लगेच मान डोलावितात. कारण देवाचें नांव घेतलें गेल्यावर नाहीं म्हणण्याचें धैर्य त्यांस होत नाहीं.

या भीतीचें मूळ आपण जाणतों. आपल्या वाडवडिलांच्या घरीं संकट आलें म्हणजे देवऋषी बोलावीत, अंगांत आलेल्या बाईस प्रश्न विचारीत, कौल लावीत. आणि जें उत्तर येई तें न मानिल्यास कोप होईल अशी धास्ती असे. आपण ख्रिस्ताकडे आलों तेव्हां ती रीत सुटली. पण ती धास्ती मात्र कित्येकांच्या मनांतून अद्याप सुटलेली नाहीं. म्हणून कोणी प्रभूचें नांव घेऊन बोलूं लागला, कीं तें बोलणें खरें कीं खोटें हें पाहण्यासहि आपण कचरतों.

पवित्र शास्त्र या दोन्ही वाटा बंद करितें. थेस्सलनीका येथील मंडळीस पौलानें संदेशवाणीचा धिक्कार करूं नये असें बजाविलें, आणि लगेच सर्व गोष्टींची पारख करून जें चांगलें तेंच धरून ठेवण्यास सांगितलें. करिंथच्या मंडळीस त्यानें नियम घालून दिला, कीं संदेश देणाऱ्यांपैकीं दोघांतिघांनीं बोलावें व इतरांनीं त्याचा निर्णय करावा. तेव्हां वाणी ऐकणें हें जसें मंडळीचें कर्तव्य आहे, तसेंच ती पारखणें हेंहि तिचेंच कर्तव्य आहे. ही पारख कशी करावी हें समजावें म्हणून आपलीच भाषा बोलणाऱ्या व आपल्या लोकांप्रमाणेंच दुष्काळ भोगलेल्या एका थोर भगिनीचें चरित्र आज आपणांपुढें ठेवितों. ती भगिनी म्हणजे केडगांव येथील मुक्तिसदनाच्या संस्थापिका पंडिता रमाबाई.

तीर्थयात्रेंतील बालपण

रमाबाईंचा जन्म ता. २३ एप्रिल १८५८ रोजीं पश्चिम घाटांतील गंगामूळ नांवाच्या अरण्यांत झाला. हा भाग आज कर्नाटकांत आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण असून संस्कृताचे मोठे पंडित होते. स्त्रियांनीं संस्कृत शिकूं नये असा निर्बंध असतांहि त्यांनीं आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ती भाषा शिकविली, आणि पुढें मातेनें रमाबाईंस शिकविलें. रमाबाई कांहीं महिन्यांच्या असतांना हें कुटुंब तीर्थयात्रेस निघालें. त्यांस वेताच्या पेटाऱ्यांत घालून डोक्यावरून नेण्यांत आलें. त्या दिवसापासून सोळा वर्षे या कुटुंबास स्थिर असें घर नव्हतें. देवळांत पुराण सांगावें, श्रोते जें देतील त्यावर निर्वाह करावा व पुढच्या क्षेत्राची वाट धरावी, असा त्यांचा क्रम होता.

देवाची इच्छा आपणांस कळावी व त्याची कृपा व्हावी, ही या कुटुंबाची तळमळ खरी होती. त्यासाठीं त्यांनीं उपवास केले, व्रतें केलीं, जवळचें द्रव्य दानधर्मांत वेंचलें. पुजारी व भिक्षुक जें सांगत तें देवाचेंच सांगणें असें मानून तीं चालत. या प्रवासांतील एक गोष्ट रमाबाईंनीं पुढें आपल्या साक्षींत लिहून ठेविली आहे. उत्तरेकडील एका पवित्र मानलेल्या सरोवरावर तीं सर्व गेलीं होतीं. त्या सरोवरांत सात तरते डोंगर असून पुण्यवंत यात्रेकरूकडे ते आपण होऊन सरकत येतात व पाप्यापासून दूरच राहतात, असें तेथील पुजारी सांगत. पाण्यांत मगरी आहेत, आंत कोणी उतरूं नये, अशीहि त्यांची ताकीद असे. रमाबाईंच्या भावानें एके पहाटे कोणी नाहींसें पाहून पोहत जाऊन पाहिलें. तेव्हां ते डोंगर म्हणजे तराफ्यांवर रचलेले मातीचे ढीग असून त्यांवर झाडें लाविलेलीं आहेत, आणि दक्षिणा पोंचली म्हणजे मागून माणूस तो तराफा ढकलितो, असें त्यास आढळून आलें.

वाचकहो, ही गोष्ट दुसऱ्याच्या धर्मास हंसण्यासाठीं आम्हीं येथें दिलेली नाहीं. अशी लबाडी ख्रिस्ताच्या नांवानेंहि झालेली आहे व पुढेंहि होईल. तो भाऊ अश्रद्ध नव्हता. तो भाविक होता, परंतु पाण्यांत उतरून पाहण्याचें धैर्य त्यास होतें. रमाबाईंनीं हा धडा जन्मभर जवळ बाळगिला. खऱ्या देवास पारखेचें भय नसतें; भय असतें तें तराफा ढकलणारास.

पुढें दक्षिणेंत मोठा दुष्काळ पडला. भीक मागण्याची संवय नाहीं, अंगमेहनतीचें काम माहीत नाहीं, जवळचें सर्व दानधर्मांत गेलेलें. झाडाचीं पानें खाऊन दिवस काढण्याची पाळी या विद्वान कुटुंबावर आली. १८७४ सालीं थोड्याच अवधीनें वडील व आई दोघेंहि निवर्तलीं. त्यानंतर थोरली बहीणहि गेली. रमाबाई व त्यांचा भाऊ श्रीनिवास हीं दोघें मागें राहिलीं, आणि दोन हजार मैलांहून अधिक वाट त्यांनीं पायीं तुडविली. दुष्काळांतील भुकेली मुलगी कशी असते हें त्या दिवसांत रमाबाईंस कळलें. तें ज्ञान देवानें पुढें कसें उपयोगांत आणिलें तें लौकरच दिसून येईल.

प्रभूचा शोध

१८७८ सालीं भावंडें कलकत्त्यास पोंचलीं. तेथील पंडितांनीं रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० सालीं भाऊ वारला. त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं त्यांचा नोंदणीपद्धतीनें विवाह झाला. १८८१ सालीं मनोरमा ही कन्या झाली, आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पटकीनें पति वारले. अशा रीतीनें तेवीस वर्षांच्या वयांत त्या विधवा झाल्या. त्याच वर्षीं पुण्यास येऊन त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला. १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या, आणि ता. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें त्यांचा व मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

ज्या भगिनीसंघाच्या आश्रयास त्या राहिल्या, त्यांतील वडीलधाऱ्या भगिनींची अपेक्षा होती, कीं नव्या शिष्येनें मंडळीचे सर्व सिद्धांत मुकाट्यानें स्वीकारावे. रमाबाईंनीं तें नाकारिलें. उपकार करणारांवर त्यांचें प्रेम होतें. पण जें मानावयाचें तें शास्त्रांत स्वतः पाहून व समजून घेऊनच मानीन, दुसऱ्यानें सांगितलें एवढ्यानें मानणार नाहीं, असा त्यांचा बाणा होता. यामुळें त्यांस हट्टी म्हणण्यांत आलें. परंतु ज्या बाईनें बालपणीं पुजाऱ्यांच्या शब्दावर विसंबून सर्वस्व गमाविलेलें पाहिलें होतें, ती आतां डोळे मिटून कोणाच्याहि मागें जाणार नव्हती.

१८८६ सालीं त्या अमेरिकेस गेल्या. तेथें त्यांनीं हिंदु विधवांच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिलें, आणि बॉस्टन येथें त्यांच्या कार्यास दहा वर्षे मदत देण्यासाठीं एक संघ स्थापन झाला. भारतांत परत आल्यावर ता. ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईस शारदासदन उघडलें; पुढच्या वर्षीं तें पुण्यास नेलें. तेथें कोणाच्याहि धर्मांत हात घालावयाचा नाहीं असा करार होता. रमाबाई आपल्या खोलींत प्रार्थना करीत, दार उघडें ठेवीत, आणि ज्या मुलींस वाटे त्या आपण होऊन येऊन बसत. एवढ्यावरूनच १८९३ सालीं मोठें वादळ उठलें. रानडे, भांडारकर यांसारखे सल्लागार बाजूस झाले व कित्येक मुलींस त्यांच्या पालकांनीं काढून नेलें.

याच सुमारास त्यांच्या अंतर्यामीं एक मोठा पालट झाला. आपण ख्रिस्ताचा धर्म घेतला, पण ख्रिस्तास घेतलें नाहीं, असें त्यांस एके दिवशीं कळून आलें, आणि त्यांनीं आपलें जीवित सर्वस्वीं प्रभूस वाहिलें. बाप्तिस्मा होऊन कित्येक वर्षे लोटल्यावर ही गोष्ट घडली, हें आपल्यांतील जुन्या सभासदांनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

दुष्काळाची हांक

आतां पहिल्या मोठ्या निर्णयाकडे येऊं. १८९६ सालीं लोणावळ्यास ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनासभा भरल्या होत्या. तेथें रमाबाई आपल्या विश्वासी मुलींसह गेल्या. त्या मुली पंधरा होत्या. एके दिवशीं पहाटे एकांतीं प्रार्थना करीत असतां त्यांच्या मनांत असें आलें, कीं देवापाशीं पंधरांच्या पंधरापट मुली मागाव्या. ही संख्या २२५ होते. तेव्हां शारदासदनांत सुमारें पन्नासच विधवांची सोय होती, आणि अमेरिकेहून येणारा पैसा तेवढ्यांपुरताच ठरलेला होता. मनुष्याच्या बुद्धीस ही मागणी वेडेपणाची वाटावी अशीच होती. परंतु देवास अशक्य असें कांहीं नाहीं या अर्थाचें शास्त्रवचन त्यांस आठवलें, आणि त्यांनीं ती मागणी केली.

त्याच वर्षाच्या अखेरीस मध्यप्रांतांतून दुष्काळाच्या वार्ता येऊं लागल्या. रमाबाईंच्या डोळ्यांपुढें स्वतःचे जुने दिवस उभे राहिले. तरी त्या लगेच उठून निघाल्या नाहींत. पैसा नाहीं, माणसें नाहींत, जागा नाहीं, ही अडचण त्यांनीं देवापुढें मांडिली व उत्तराची वाट पाहिली. जाण्याची प्रेरणा ओसरेना, उलट वाढतच गेली, तेव्हां १८९७ च्या आरंभीं त्या स्वतः मध्यप्रांतांत गेल्या. तेथील गरीबखाने त्यांनीं डोळ्यांनीं पाहिले. अनाथ मुलींना फसवून नेणारे दुष्ट लोक तेथें टपून बसलेले होते. तीनशें मुली घ्यावयाच्या असा निश्चय त्यांनीं केला.

मुली घेऊन त्या आल्या. पण पुण्यांत प्लेग असल्यामुळें इतक्या जणींस शहरांत ठेवण्याची परवानगी मिळेना. येथें देवाचा हात दिसून आला. पुण्याच्या पूर्वेस दौंडकडे जाणाऱ्या आगगाडीच्या वाटेवर केडगांव येथें रमाबाईंनीं सुमारें शंभर एकर जमीन पूर्वींच घेतलेली होती. अमेरिकेच्या मदतीची दहा वर्षे भरल्यावर फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालावें, एवढाच त्या वेळीं हेतु होता. त्याच माळावर आतां तंबू व झोपड्या उभ्या राहिल्या. १८९८ सालीं मुक्तिसदनाची रीतसर स्थापना झाली. पुढें १८९९-१९०० सालीं गुजरातेंत छप्पनिया दुष्काळ पडला. तेव्हां निजामाच्या राज्यांत असलेल्या आपल्या मराठवाड्यासहि त्याच दुष्काळानें होरपळून काढिलें. त्या वेळीं रमाबाईंनीं आपल्या तयार झालेल्या सहकारिणी गुजरातेंत पाठविल्या, आणि मुक्तींतील जीवांची संख्या दोन हजारांच्या जवळपास गेली. पंधरांवर पंधरापटीची मागणी करितांना जी संख्या मोठी वाटली होती, ती आतां लहान ठरली.

या प्रसंगास शास्त्रांत एक जोड आहे. अगब नांवाच्या संदेष्ट्यानें अंत्युखिया येथें येऊन मोठा दुष्काळ पडेल असें आत्म्याच्या योगें सुचविलें. त्यावर तेथील शिष्य तर्कवितर्क करीत बसले नाहींत, किंवा अगबाचा जयजयकारहि त्यांनीं केला नाहीं. प्रत्येकानें आपापल्या ऐपतीप्रमाणें यहूदीयांतील बंधूंस मदत पाठविण्याचा निश्चय केला, आणि ती पाठविली. खऱ्या संदेशाचा शेवट भुकेल्याच्या ताटांत भाकरी पडण्यांत झाला. रमाबाईंचेंहि तसेंच झालें. त्यांस आलेल्या प्रेरणेनें त्यांचा मान वाढला नाहीं, घर भरलें नाहीं. उलट खर्च वाढला, निंदा वाढली, आणि अंगावर रोग्यांची व लेंकरांची काळजी आली.

१९०५ ची जागृति

दुसरा प्रसंग यापेक्षां नाजूक आहे. १९०४ सालीं वेल्स देशांत मोठी आत्मिक जागृति झाली. १९०५ सालीं खासी टेंकड्यांवरील मंडळ्यांतहि तिची लाट आली. रमाबाईंनीं १९०५ च्या जानेवारींत आपल्या मुलींस सांगितलें, कीं आपणांसहि पवित्र आत्म्याच्या नव्या वर्षावाची गरज आहे, आणि त्यासाठीं रोज प्रार्थनेस येणाऱ्या हव्यात. आरंभीं सुमारें सत्तर जणी आल्या. जूनपर्यंत साडेपांचशें जणी दिवसांतून दोनदां जमूं लागल्या. जूनच्या अखेरीस, बाई शास्त्रपाठ देत असतां, मुली एकाएकीं रडूं लागल्या, आपलीं पापें मोठ्यानें कबूल करूं लागल्या, आणि पाठ थांबवावा लागला. पुढें कित्येक दिवस हाच ओघ चालला. कांहींनीं दर्शनें पाहिल्याचें सांगितलें, कांहींस स्वप्नें पडलीं, कांहीं संदेश देऊं लागल्या, आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीस कांहीं जणी अन्यभाषा बोलूं लागल्या.

आतां बाईंनीं काय करावें? बाहेरील कित्येक धर्मोपदेशकांचें मत पडलें, कीं हा स्त्रियांच्या दुर्बळ मनाचा उमाळा आहे व तो दाबून टाकावा. उलट पक्षीं, ज्यांस असा अनुभव आला तेवढेच खरे विश्वासी असें मानणारेहि होते. रमाबाई या दोघांच्याहि मागें गेल्या नाहींत.

त्यांनीं दाबलें नाहीं. आपल्या देशांतील लोक शोक व हर्ष मोठ्यानें व्यक्त करितात. तेव्हां परदेशच्या मंडळींतील शिस्त हीच देवाची एकमेव शिस्त असें मानून मुलींचा गळा आवळणें त्यांस योग्य वाटलें नाहीं. पण त्यांनीं डोक्यावरहि घेतलें नाहीं. अन्यभाषा हें पवित्र आत्म्याचें एक दान आहे, परंतु तें प्रत्येकास मिळालेंच पाहिजे असें नाहीं, असें त्यांचें म्हणणें होतें. त्या स्वतः अन्यभाषा बोलल्या नाहींत, व त्याबद्दल त्यांस कमीपणा वाटला नाहीं. सदनाच्या या मुख्य बाईपाशीं जें दान नव्हतें तें एखाद्या अनाथ पोरीपाशीं दिसलें, तरी त्यांनीं मत्सर केला नाहीं. आणि त्या पोरीच्या हातीं सदनाचा कारभारहि दिला नाहीं.

त्यांची कसोटी जीविताची होती. जी मुलगी प्रार्थनेंत थरथरते, तिची वागणूक पूर्वींपेक्षां सुधारली आहे कीं नाहीं? तिनें केलेलें पाप कबूल केलें काय? प्रभूविषयीं तिचें प्रेम वाढलें काय? ज्यांच्या ठायीं असें फळ दिसलें, त्यांच्या अनुभवाची त्यांनीं टीकाकारांपुढें निर्भयपणें बाजू घेतली. आणि त्या अनुभवास त्यांनीं लगेच कामास जुंपलें. मुक्तींतील मिनी अब्राम्स या अमेरिकन भगिनीच्या देखरेखीखालीं मुलींच्या टोळ्या आसपासच्या खेड्यांत शुभवर्तमान सांगण्यास जाऊं लागल्या. आत्म्याचा वर्षाव चार भिंतींत साठवून ठेवण्यासाठीं नसतो. शेत भिजविण्यासाठीं असतो.

शेवटचीं वर्षें

आयुष्याच्या अखेरच्या भागांत रमाबाईंनीं एक मोठें काम हातीं घेतलें. खेड्यांतील साध्या स्त्रियांस कळेल अशा सोप्या मराठींत संपूर्ण पवित्र शास्त्राचें भाषांतर करावें, असें त्यांस मनापासून वाटलें. हीहि त्यांनीं देवाची आज्ञा मानिली. पण आज्ञा झाली म्हणून आयतें ज्ञान मिळेल अशी वाट त्यांनीं पाहिली नाहीं. चाळिशी उलटल्यावर त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. अक्षरें जुळविणें, छापणें, बांधणें हीं सर्व कामें मुक्तींतील स्त्रियाच करीत. ज्यास देवाचा संदेश मिळाला त्यानें अभ्यास करूं नये, असें कित्येकांस वाटतें. त्यांनीं हें अठरा वर्षांचें कष्ट आठवावें.

कन्या मनोरमा ही या कामाची उजवा हात होती. आईच्या मागें तीच सदन चालविणार, असें सर्वांनीं धरिलें होतें. पण ता. २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमा प्रभूकडे गेली. जिच्या प्रार्थनांचीं इतकीं उत्तरें जगानें पाहिलीं, त्या मातेचें हें दुःख कोणत्याहि दर्शनानें टळलें नाहीं. देव आपल्या सेवकांस चालण्यापुरता प्रकाश देतो. साऱ्या वाटेचा नकाशा हातीं देत नाहीं. रमाबाईंनीं तक्रार केली नाहीं. त्या पुन्हां मुद्रितें तपासण्यास बसल्या, तें काम संपविलें, आणि लगेच कांहीं दिवसांनीं, ता. ५ एप्रिल १९२२ रोजीं, केडगांव येथें झोपेंत त्यांचा प्राण गेला. त्यांचें संपूर्ण पवित्र शास्त्र त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ सालीं छापून निघालें. मुक्तिसदनाचें कार्य केडगांव येथें आजहि चालू आहे.

आपल्या मंडळ्यांस बोध

या चरित्रावरून आपणांस चार गोष्टी शिकतां येतात.

पहिली ही, कीं जी वाणी येते ती शास्त्राशीं जुळते कीं नाहीं हें पाहावें. रमाबाईंच्या मनांत आलेली मागणी अनाथ व विधवा यांच्या सांभाळाविषयीं होती, आणि तो सांभाळ शास्त्रानें आधींच सांगितलेला आहे. जी वाणी भावास भावापासून तोडते, कर्ज बुडविण्यास सांगते, अगर नवऱ्यास बायको टाकण्यास सांगते, ती कितीहि अश्रु ढाळून सांगितली तरी प्रभूची नव्हे.

दुसरी ही, कीं त्या वाणीनें कोणाचा लाभ होतो हें पाहावें. प्रार्थनामंदिरासाठीं स्वप्नांत दिसलेली जागा स्वप्न पाहणाराच्याच भावकीची असली, तर मंडळीनें थोडें थांबावें. अहाब राजापुढें चारशें संदेष्टे एकमुखानें राजास आवडेल तेंच बोलले. खरा संदेश एकट्या मीखायाचा होता, आणि त्याबद्दल त्यास तुरुंगाची भाकरी खावी लागली. डोकीं मोजून सत्य ठरत नाहीं, आणि मोठा आवाज म्हणजे आत्म्याचें बळ नव्हे.

तिसरी ही, कीं निर्णय मंडळीनें मिळून करावा व घाई करूं नये. अंत्युखियाच्या मंडळींत बर्णबा व शौल यांस सेवेसाठीं वेगळे करावें असें आत्म्यानें सांगितलें. तरी तेथील सर्वांनीं उपास व प्रार्थना करून, मगच त्यांवर हात ठेवून त्यांस रवाना केलें. ज्यास संदेश मिळाला त्यानें तो नम्रपणें सांगावा, मंडळीपुढें ठेवावा, आणि मंडळीनें वाट पाहण्याचें ठरविलें तर रुसूं नये. संदेश खरा असेल तर चार आठवड्यांनीं तो शिळा होत नाहीं. लोणावळ्याची मागणी पुरी होण्यासहि महिने लागले. हेंहि विसरूं नये, कीं संदेश मिळाला म्हणजे विवेक संपत नाहीं. अगबानें पौलास यरुशलेमेंतील बंधनांविषयीं आधींच सांगितलें. मित्रांनीं त्याचा अर्थ जाऊं नये असा केला. पौल मात्र तें ऐकूनहि गेला. शेवटीं सर्वांनीं प्रभूच्या इच्छेपुढें मान लवविली. सूचना एकच होती, पण तिचा अर्थ लावण्याचें ओझें मनुष्यांसच उचलावें लागलें.

चवथी ही, कीं फळ पाहावें. निर्णयानंतर प्रीति वाढली काय, भुकेल्यास अन्न मिळालें काय, ज्यांनीं विरोध केला त्यांच्याशींहि सलोखा राहिला काय? नसेल, तर आपली चूक झाली असें मंडळीनें एकमेकांपुढें व देवापुढें कबूल करावें. चूक कबूल करण्यानें देवाच्या नांवास डाग लागत नाहीं. चुकीस देवाचें नांव चिकटवून ठेविल्यानें मात्र लागतो.

उपदेशक बंधूंनो, तुम्हांवर यांत विशेष जबाबदारी आहे. सभेंत एखादी अडाणी बाई भीतभीत उठून बोलूं लागली, तर तिला हंसून बसवूं नका. कदाचित् प्रभु तिच्याच तोंडून तुम्हांशीं बोलत असेल. आणि एखादा वजनदार गृहस्थ प्रभूचें नांव घेऊन आपला हेतु पुढें ढकलूं लागला, तर त्यास भिऊन गप्प बसूं नका. तुम्ही स्वतःहि मी सांगतों तेंच देवाचें सांगणें असें कधीं म्हणूं नका. आपण ज्या प्रभूकडे आलों तो धास्ती घालून काम करून घेणारा नाहीं. तो मेंढपाळ आहे, आणि त्याचीं मेंढरें त्याचा आवाज ओळखतात.

पुढच्या वेळीं शेतांतून परत आल्यावर तुम्ही मंडळीच्या प्रश्नासाठीं एकत्र बसाल, तेव्हां आधीं शास्त्र उघडा, मग गुडघे टेंका, मग प्रत्येकाचें ऐका, आणि मग थांबा. मार्ग दाखविणारा प्रभु केडगांवच्या माळावर जसा होता, तसाच तो कळमनुरीच्या काळ्या रानांतहि आहे. तो आपल्या सर्वांस ऐकणारे कान आणि पारखणारी बुद्धि, हीं दोन्ही देवो. आमेन.